ऑनर्ससाठी नेलेले चिकू

आई म्हणायची, तुमच्या वडिलांना आयुष्यात एकच वाक्य मनापासून बोलता येतं, आणि तेही ते माझ्यासाठी कधी वापरत नाहीत. ते वाक्य होतं, "चार दिवस दम धरा."

बाबा घोलवड स्टेशनवर पार्सल बाबू होते. आम्ही राहायचो डहाणूला, स्टेशनजवळच्या भाड्याच्या दोन खोल्यांत, आणि ते रोज गाडीने घोलवडला जायचे. घोलवडहून जायचे ते मुख्यतः चिकू. आसपासच्या वाड्यांमधून बैलगाड्या भरभरून माल स्टेशनवर यायचा, पेट्यांवर नावं पडायची, वजन व्हायचं, आणि मुंबईला, अहमदाबादला, पार दिल्लीपर्यंत आमच्या बाबांच्या सहीने चिकू रवाना व्हायचे.

आता चिकूची गंमत अशी की तो झाडावरून काढतात तेव्हा कच्चाच असतो. पिकतो तो वाटेत, नाहीतर घरी जाऊन. आणि कच्चा काय नि पिकलेला काय, वरून दिसायला दोघेही तितकेच तपकिरी. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं, पण गाडीच्या खिडकीतून करंडी विकत घेणाऱ्या परगावच्या माणसाला कुठून ठाऊक असणार? तो गाडी सुटताच एक फळ उचलून चावणार, त्याचं तोंड तुरट होणार, चिकाने ओठ चिकटणार आणि तो घोलवडच्या नावाने जन्मभर खडे फोडणार. हे बाबांना सहन होत नसे. घोलवडच्या इभ्रतीची जबाबदारी रेल्वेने आपल्यावरच टाकली आहे अशा थाटात ते प्लॅटफॉर्मवरून खिडकीखिडकीशी जायचे आणि सांगायचे, "चार दिवस दम धरा." समोरचा गुजराती असेल तर "चार दहाडा थोभजो." आणखी कोणी असेल तर त्यांच्या खास रेल्वेच्या हिंदीत. ज्याच्या हातात चिकू नसून नुसती पिशवी असे, त्यालाही ते एकदा सांगून ठेवत. स्टेशनवरच्या पोर्टरांनी याची इतकी टवाळी केली होती की गाडी लेट असली आणि कोणी विचारलं, कधी येणार, तर तेही तोंड पाडून म्हणायचे, चार दिवस दम धरा.

मी इंटर आर्ट्स पास झाले ते वर्ष राज्यं वेगळी होण्याच्या आगेमागेचं. घोलवड महाराष्ट्रात राहिलं आणि थोडं पुढे गेलं की गुजरात, यावर घरात रोज चर्चा चालायची. माझ्या पुढ्यात मात्र दुसरीच सरहद्द होती. कॉलेजची पहिली दोन वर्षं मी दादरला मावशीकडे राहून काढली होती. काकांची नागपूरला बदली झाली आणि मावशीचं घर आवरलं गेलं. आता मुंबईत राहायचं तर हॉस्टेल हवं, आणि आमच्या कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलात बाहेरगावच्या मुलीला हमखास जागा मिळायची ती फक्त ऑनर्सला निवडली गेली तर. ऑनर्स म्हणजे साध्या बी.ए.पेक्षा जास्त पेपर, जास्त वाचन आणि विभागाचे प्रमुख स्वतः शिकवणार. मोजकीच मुलं घेत, आणि तीही मुलाखत घेऊन. मी तत्त्वज्ञानासाठी अर्ज केला होता.

ऑनर्स मिळालं नाही तर काय, याची तजवीज बाबांनी आधीच करून ठेवली होती. तळासरीला एका शाळेत बाईंची जागा निघाली होती. इंटर पास मुलगी त्यांना चालणार होती. बाबा त्या जागेचं वर्णन असं करायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, स्वतःच राजीनामा देऊन तिथे रुजू होतील. सकाळी डहाणूहून एस.टी., शाळेच्या दारात उतरायचं, मुलं गुणी, हवा कोरडी, आणि मुख्य म्हणजे दिवेलागणीच्या आत घरी. हे "दिवेलागणीच्या आत" ते दर वेळी शेवटी म्हणायचे. मी म्हणायचे, बाबा, मला ऑनर्स मिळणार आहे. ते म्हणायचे, मिळेल ना, मिळायलाच हवं, मी फक्त सांगून ठेवतो.

खरं सांगायचं तर मला तळासरीची फार भीती वाटत होती. शाळेची नव्हे, मुलांचीही नव्हे. एकदा त्या एस.टी.त बसले की मी जन्मभर त्याच एस.टी.त बसणार, आणि वाचायची राहिलेली सगळी पुस्तकं दादरच्या लायब्ररीत तशीच राहणार, याची. एकोणीस वर्षांच्या मुलीला सगळंच जन्मभराचं वाटतं.

अर्जावर दोन ओळींची जागा सोडून विचारलं होतं, ऑनर्स का करायचं आहे. मी त्या दोन ओळींसाठी आठ दिवस घालवले. शेवटी बोर्डीला गेले, माझ्या शाळेतल्या जुन्या सरांकडे. सरांचं इंग्रजी ऐकताना माणसाला नकळत ताठ बसावंसं वाटे. त्यांनी मला ज्ञानाच्या तहानेवर एक सुंदर उत्तर लिहून दिलं, त्याच्या दोन ओळी अर्जात घातल्या आणि उरलेलं मुलाखतीसाठी पाठ करून घेतलं. समुद्राकाठच्या सुरूच्या झाडांखाली मी ते म्हणत फेऱ्या मारत होते. जाळी विणत बसलेल्या एका कोळ्याने मला दोनदा न्याहाळलं आणि मग आपली जागा बदलली.

मुलाखतीचं बोलावणं आलं तसा घरात प्रत्येकाने आपापला मार्ग धरला. आईने विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला साकडं घातलं. बाबांनी करंडी काढली.

साहेबाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मामलेदार असो, डॉक्टर असो की शाळा तपासायला आलेला अधिकारी असो, घोलवड-डहाणूचा माणूस काखोटीला चिकू मारूनच पुढे होणार. आईला धाकधूक वाटत होती की प्रोफेसरांना ही लाच वाटेल. बाबा म्हणाले, लाच पैशाची असते, चिकूची नसते. वाडीवाल्या इराणी शेटांनाही त्यांनी कामाला लावलं. शेट आम्हाला लहानपणापासून ओळखायचे. त्यांनी आदल्या दिवशी भल्या सकाळी स्वतः झाडाखाली उभं राहून फळं उतरवून घेतली, एकेक धुऊन पुसून करंडीत लावली आणि मला म्हणाले, "डिकरी, मारा वाडीचा माल खाऊन कोन प्रोफेसर ना बोलेल?" मला त्या क्षणी अगदी पटलं. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांपेक्षा ती करंडी जास्त भरवशाची दिसत होती.

आईने माझ्या वेण्यांना खोबरेल तेल चोपडायला सुरुवात केली ती थांबेचना. साध्या प्रसंगाला साधं तेल, मुलाखतीला डबल. मग डहाणू रोडवरून सकाळची गाडी. बायकांच्या डब्यात मासळीच्या पाट्या होत्या आणि माझी एकमेव बरी साडी सुक्या सोड्यांच्या वासाने भरू नये म्हणून मी सबंध प्रवास दारापाशी उभी होते. निघताना बाबा गाडीपर्यंत आले होते. त्यांनी करंडी माझ्या हातात दिली, तिच्यावरचं फडकं पुन्हा नीट खोचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "सांभाळून जा" एवढंच म्हणाले. गाडी सुटली.

मुलाखतीच्या खोलीत दोघं होते. विभागाचे प्रमुख, उंच, किडकिडीत, कोटाच्या बाहीवर खडूची पांढरी रेघ. आणि त्यांच्या शेजारी पांढऱ्या सुती साडीतल्या एक बाई, ज्या माझा अर्ज वाचत होत्या. माझ्या आधीची मुलं आत जाताना जेवढी होती त्याच्या निम्मी होऊन बाहेर पडत होती. जेवायची वेळ टळून गेली होती. मी आत गेले, नमस्कार केला आणि करंडी टेबलावर ठेवली.

सरांनी चष्म्यावरून विचारलं, हे काय? मी म्हटलं, चिकू, सर, आमच्या गावचे. ते म्हणाले, आम्ही विद्यार्थ्यांकडून काही घेत नाही. माझा चेहरा इतका पडला असावा की बाईंनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं. तेव्हा सर जरा वरमले. करंडीतलं सगळ्यात मोठं फळ उचलून त्यांनी दाबून पाहिलं. ते जात्याच्या दगडाइतकं कडक होतं आणि तो कडकपणा त्यांनी ताजेपणाचा मानला. म्हणाले, "एका फळाने काही कोणी भ्रष्ट होत नाही," आणि मी तोंड उघडायच्या आत सरांनी कचकन चावा घेतला.

पुढचं मी अजून डोळे मिटले की पाहू शकते. आधी त्यांचे डोळे बारीक झाले. मग गाल आत गेले. मग त्यांनी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला आणि लक्षात आलं की वरचा ओठ खालच्याला सोडायला तयार नाही. तत्त्वज्ञानाचे विभागप्रमुख रुमालाने तोंड पुसत होते, आणि पुसतील तसा चीक मिशीत पसरत होता.

"सर, ते आज नाही खायचे," मी म्हटलं. "चार दिवस दम धरायचा."

"आता सांगतेस?" बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, बाई, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला तळासरीची एस.टी. दारात उभी दिसू लागली. चीक जायला खोबरेल तेल लागतं, हेही मी सांगितलं, आणि शिपाई तेल शोधायला धावला. तो येईपर्यंत माझ्या मनात एकदा येऊन गेलं की दोन वेण्यांमध्ये मिळून इथे अख्ख्या विभागाला पुरेल इतकं तेल आहे. पण ऑनर्ससाठीसुद्धा माणसाने किती करावं याला मर्यादा आहे.

सर खिडकीकडे तोंड करून तेल चोळत बसले आणि मुलाखत बाईंनी हाती घेतली. त्यांनी अर्ज पुढे ओढला आणि इंग्रजी सोडून सरळ मराठीत विचारलं, ऑनर्स का करायचं आहे?

बोर्डीच्या सरांचं उत्तर मला पाठ होतं. ज्ञानाची तहान जिभेच्या टोकाशी आली होती. पण समोर तो चावलेला चिकू पडलेला, सगळं हातचं गेलेलं, आणि मला इतका राग आला होता, बाबांचा, चिकूंचा, सगळ्यांचाच, की मी म्हटलं, "हॉस्टेलसाठी. ऑनर्स मिळालं नाही तर मला घरी जावं लागेल."

खिडकीकडून हुंकारासारखा एक आवाज आला. बाईंनी विचारलं, ते हॉस्टेलचं झालं, पण तत्त्वज्ञानच का? मी सांगितलं की आमच्या घरी काहीही विचारलं की वडील रेल्वेचा नियम सांगतात आणि आई देवीचा कौल सांगते, आणि दोघांचंही मला खोटं वाटत नाही, पण पुरंही वाटत नाही. प्रश्न विचारल्यावर लगेच उत्तर न देणारी माणसं मला पहिल्यांदा इथे, तुमच्या विभागाच्या वर्गांत भेटली. दोन वर्षं भेटली, अजून दोन वर्षं भेटावीत असं वाटतं. मग मी दोन वर्षांत काय वाचलं, कुठे अडलं, कोणाचं म्हणणं मला चीड आणतं, हे सगळं सांगत सुटले. कोणी मध्ये थांबवलं नाही. बऱ्याच वेळाने सरांनी वळून एक प्रश्न विचारला, पण शब्द अजून धड फुटत नसल्याने तो त्यांना अर्ध्यातच सोडावा लागला. त्याचंही उत्तर मी देऊन टाकलं.

पुढे कॉलेजात चांगली ओळख झाल्यावर बाईंनी मला सांगितलं की सर मुलाखतीत कुठल्याही मुलाला वाक्य पुरं करू देत नसत. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत शेवटपर्यंत ऐकली गेलेली मी पहिलीच.

पण ते मला त्या दिवशी कुठे ठाऊक होतं? मी संध्याकाळच्या गाडीने डहाणूला आले ती धुमसतच. दारातच बाबांना म्हटलं, तुमच्या चिकूंनी प्रोफेसरांचं तोंड चिकटवलं. आईने सगळं ऐकलं आणि ती आधी कपाळाला हात लावून आणि मग पदर तोंडात धरून हसत सुटली. बाबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, केवढा खाल्ला? मी म्हटलं, एक घास. ते म्हणाले, मग बाकीचे आठवड्याअखेरीला तयार होतील, तांदळात ठेवा म्हणून सांगितलंस का? मी पाय आपटत आत गेले. मागून त्यांचा आवाज आला की तळासरीची जागा अजून भरलेली नाही, घाबरायचं कारण नाही.

आठवड्यानंतर निवडीचं पत्र आलं तेव्हा मी परसात कपडे वाळत घालत होते. बाबांनी ते उभ्यानेच वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मग मला म्हणाले, मिळालं. इतकंच. मी ओले हात तसेच घेऊन आईच्या गळ्यात पडले आणि दोघी रडलो. आईने दुसऱ्याच दिवशी आम्हाला विवळवेढ्याला नेलं. देवीसमोर ती बराच वेळ बोलत होती आणि बाबा बाजूला जोडे सांभाळत उभे होते. परतताना तळासरीकडे जाणारी एस.टी. आमच्या समोरून गेली. बाबा तिच्याकडे पाहत राहिले. मी मस्करीत म्हटलं, बाबा, तुम्हीच घ्या ना ती नोकरी. ते म्हणाले, मला कोण घेतो, मी मॅट्रिक.

कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी निघाले. ट्रंकेवर बाबांनी स्वतः चिठ्ठी डकवली होती, पार्सलला डकवतात तशी, कुठून कुठे, आणि मधे त्यांच्या सुरेख अक्षरात माझं नाव. सोबत पुन्हा करंडी होतीच, या खेपेला हॉस्टेलच्या मुलींसाठी. डहाणू रोडच्या प्लॅटफॉर्मवर गाडी लागली, ट्रंक वर चढली, मी खिडकीशी बसले. बाबांनी खिडकीतून करंडी आत दिली, फडकं खोचलं, आणि सवयीने म्हणाले, "चार दिवस दम धर."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या माणसाने वीस वर्षांत हे वाक्य कोणाला सांगितलं नव्हतं? रिकाम्या पिशवीवाल्यांना सांगितलं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीतल्या ओळखदेख नसलेल्या माणसांना सांगितलं. आणि त्या दिवशी, याच फलाटावर, माझ्या हातात करंडी देताना?

मी विचारलं, "बाबा, मुलाखतीच्या दिवशी का नाही म्हणालात?"

ते सिग्नलकडे पाहत राहिले, जणू गाडी त्यांनाच सोडायची होती. मग म्हणाले, "माल दुसऱ्याचा असला की मला सगळं आठवतं गं."

तेवढ्यात गाडी हलली. ते दोनचार पावलं खिडकीबरोबर चालले आणि मग थांबले. मी वळून पाहिलं तेव्हा ते शेजारच्या डब्याच्या खिडकीशी कोणाला तरी काही सांगत होते. काय सांगत होते ते ऐकू आलं नाही, आणि ऐकू यायची गरजही नव्हती.

हॉस्टेलातली माझी पार्टनर सोलापूरची होती. खोलीत आल्याआल्या तिने करंडीवरचं फडकं दूर केलं, वा म्हणाली, आणि एक चिकू उचलून तोंडापर्यंत नेला.

"चार दिवस दम धर," मी म्हटलं.

म्हटलं ते अगदी बाबांच्या सुरात, मान तशीच किंचित तिरकी करून. तो सूर माझ्याच तोंडून ऐकला आणि मी खाटेवर बसून हमसाहमशी रडायला लागले. ती बिचारी घाबरून गेली. एवढं काय चिकूसाठी, असं म्हणून तिने तो परत करंडीत ठेवला आणि फडकं नीट खोचून टाकलं.